विमलाकाकीच्या घरातली पाहुणी

विमलाकाकी कुठेही गेली तरी आधी वाजवून बघते. फणस, शहाळं, पाण्याची टाकी, लग्नातलं भाड्याचं टेबल, आणि एकदा मंगेशदादाचं नवं हेल्मेट, तेही त्याच्या डोक्यावर असताना. मधल्या बोटाचं पेर, दोन ठोके, मग मान डावीकडे जराशी कलती करून तिसरा. तिसऱ्या ठोक्यानंतर निकाल. फणसाला म्हणाली, अजून चार दिस. हेल्मेटला काहीच म्हणाली नाही, नुसती हसली. मंगेशदादाला ते जास्त लागलं.

ही सवय कारखान्यातली. बावीस वर्षं ती काजू फोडते. पायाने दांडा दाबायचा, बी दुभंगायची, गर उचलायचा. पण बी हातात आली की तिला फोडण्याआधीच कळतं, आत गर आहे की पोचट. कसं कळतं विचारलं तर म्हणते, "ती सांगता मा." टरफलातलं तेल उडून उडून तिचे हात इतके काळे झालेत की एका हळदीला मेंदीवाली तिला बघून म्हणाली, तुमची झाली वाटतं आधीच.

आमची वाडी आरोंद्याच्या खाडीपासून दोन डोंगर आत. काकीचं घर चार खोल्यांचं, चिऱ्याचं, वर नळ्यांची कौलं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मुलगी सोनल पुण्याला नर्स. म्हणजे वर्षाचे तीनशे साठ दिवस घरात काकी, तिची स्कुटी आणि सात कोंबड्या. उरलेले पाच दिवस त्याच घरात त्रेचाळीस माणसं असतात, कारण अख्ख्या भावकीचा गणपती तिथे बसतो. पडवीत पत्ते, माजघरात पोरं, चुलीवर वाटाण्याची उसळ, आणि न्हाणीघरासमोर टॉवेल खांद्यावर टाकलेली मुंबईची रांग. काकी त्या पाच दिवसांत सगळ्यांवर ओरडते आणि तिचा आवाज बसतो. विसर्जनानंतर तो आवाज परत येतो तेव्हा ऐकायला कोणी नसतं. म्हणून गणपती तिच्याकडे असणं म्हणजे काय, ते तिला कोणी समजवायला नको होतं.

तर गेल्या दिवाळीनंतर गणपतीच्या खोलीच्या कोपऱ्यात, जमीन आणि भिंत जिथे भेटतात तिथे, तांबड्या मातीचा एक फुगवटा आला. आधी लिंबाएवढा, मग नारळाएवढा. काकीने केरसुणी उचलली होती, पण नेमके अप्पा आले.

अप्पा म्हणजे काकीचे मोठे दीर, भावकीतले वडीलधारे, वय चौऱ्याहत्तर. त्यांचं बोलणं असं, की प्रत्येक दोन शब्दांनंतर घसा खाकरतात, आणि खाकरणं शब्दांपेक्षा मोठं असतं. ते वाकले, बघितलं, चपला पडवीत काढून परत आले आणि हात जोडले.

"विमल," खाकर. "ही माती न्हय," खाकर. "ही सातेरी."

आमच्या सातेरीला मूर्ती नाही. देवळात गाभाऱ्यात वारूळ आहे, तेच देवी. त्याला चांदीचा मुखवटा, साडी, नथ. जमिनीतून आपल्या पायाने वर आलेली आई, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. आता हीच आई काकीच्या कोपऱ्यात उगवली म्हटल्यावर केरसुणी कोण लावणार? काकीनेही लावली नाही. तिने उलट दिवा लावला. मग कुंकू आलं, खण आला, रोज सकाळी वाटीभर दूध आणि खोबऱ्याचा तुकडा आला. शेजारणी मंगळवारी दर्शनाला येऊ लागल्या. देवीला बरं वाटावं म्हणून काकी आजूबाजूची जमीन शेणाने सारवून ओलसर ठेवायची. म्हणजे वाळवीला जे जे लागतं, ओल, अंधार, खाऊ आणि शांतता, ते सगळं ती हाताने पुरवत होती. शिमग्यापर्यंत वारूळ गुडघ्याला लागलं.

मग तिला भिंतीवर एक रेघ दिसली. बोटाएवढी मातीची नळी, कोपऱ्यातून निघून सरळ वर, छपरापर्यंत. तिथे आडवा वासा आहे. त्याच्या कड्यांना चतुर्थीला माटवी टांगतात, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची लाकडी चौकट, जिला नारळ, सुपाऱ्या, कवंडळं, काकड्या आणि रानातली फुलं बांधायची. भरली की दोन माणसांना उचलत नाही. जुना फणसाचा वासा चार वर्षांपूर्वीच्या वादळात माड पडून मोडला, तेव्हा घाईत आंब्याचा टाकला होता. आंब्याचं लाकूड म्हणजे वाळवीला शिरा.

काकी स्टुलावर चढली. दोन ठोके, मान कलती, तिसरा ठोका. खाली उतरल्यावर एकच शब्द बोलली, "पोचट."

दुसऱ्या दिवशी तिने कुडाळहून औषध मारणारा माणूस बोलावला. तो टोपी घालून, ड्रिल घेऊन आला आणि दारातूनच पुस्तकी मराठीत सुरू झाला, की मॅडम, आपण फाउंडेशनला बारा इंचांवर होल मारून केमिकल इंजेक्ट करणार आहोत, आपल्याला पाच वर्षांची हमी राहील. बोलता बोलता खोलीत शिरला, कुंकू लावलेलं वारूळ बघितलं आणि त्याची मराठी एकदम गावाला परतली. "अगे आवशी," म्हणाला, "ही तर माऊली." बूट काढले, नमस्कार केला, ड्रिल पिशवीत परत ठेवलं आणि जाताना कुंपणावरचं जास्वंदीचं फूल तोडून देवीला वाहून गेला.

अप्पांनी मग रीतीने जायचं ठरवलं. देवळात कौल घ्यायचा. आमच्याकडे हे असं होतं, की गुरव देवीला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, मानकरी प्रश्न विचारतो, उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. अप्पांनी तीन वेळा खाकरून विचारलं, "वारूळ फोडूचा काय?" डावी पडली. पंधरा दिवसांनी परत विचारलं. परत डावी.

वैशाखात भावकीची बैठक बसली, काकीच्याच पडवीत, काकीचाच चहा पीत. मंगेशदादा, म्हणजे अप्पांचा मुलगा, गोव्यात वायरिंगची कंत्राटं घेतो आणि बोलतो मालवणी, कोंकणी, हिंदी एका कढईत परतून. त्याने आपल्या वाट्याचं जुनं घर पाडून गेल्या वर्षी बंगला बांधला, आत सोनेरी पट्ट्यांचं छत, भिंतभर टीव्हीचं कपाट. तो म्हणाला, "काकी, टेन्शन घेव नको. गणपती माझ्याकडे बसवया. सगळा सिमेंट आसा. वाळवी सोड, वाळवीचो बापूस सिमेंट खावचो नाय."

सगळ्यांनी मान हलवली. मानेचा आवाज येत नाही म्हणून बरं. वासा पोचट, फोडायला देवीची परवानगी नाही, आणि माटवी गणपतीवर कोसळली तर पाप कोणाच्या माथी, असं अप्पांनी मोजून सहा खाकरींत सांगितलं. ठरलं असं, की चतुर्थीपर्यंत वासा माटवीचं वजन पेलेल असा झाला तर ठीक, नाहीतर गणपती बंगल्यात. आणि एकदा गेलेला गणपती परत येत नाही, हे कोणी बोललं नाही तरी सगळ्यांना ठाऊक होतं. काकीने कप गोळा केले.

रात्री झोपली की नाही माहीत नाही. मंगळवारी सकाळी कारखान्याला दांडी मारून ती स्कुटीवरून देवळात गेली. मी, शेजारच्या घरातली भावकीतलीच पोर, मागे बसले होते, म्हणून पुढचं शब्दाला शब्द सांगू शकते.

गुरव म्हणजे बाबली. त्याच्या गालात कायम पान असतं, म्हणून त्याचं सगळं बोलणं नाकातून येतं. त्याने नाकातून सांगितलं, की कौल मानकऱ्याने मागायचा, बाईने नाही, आणि शिवाय दोनदा डावी पडली आहे, आता काय नवीन विचारणार.

काकी म्हणाली, "बाबली, माका कोणी इचारल्यान, विमले, तुका तुझ्या घरातसून फोडून भायर काढू काय, तर मी उजवो देतलंय?"

बाबलीने पान या गालातून त्या गालात घेतलं.

"प्रश्नच चुकीचो," काकी म्हणाली. "तू पाकळे लाय. माका कौल नको. माका पावणेक इचारूचा आसा."

पाहुणीला विचारायला मानकरी लागतो असं कुठे लिहिलेलं नाही, हे बाबलीला पटलं, किंवा काकी हलणार नाही हे पटलं. त्याने पाकळ्या लावल्या. काकीने पदर खांद्यावरून घेतला आणि गाऱ्हाणं घातलं, अप्पांच्या चालीत, फक्त खाकर वगळून:

"माये सातेरी, सहा म्हयने माझ्याकडे रवलंस. दिवो लायलंय, दूध दिलंय, जमला तसा केलंय. पण माझा घर एकटेचा, आणि वासो खाल्लो गेलो. तुझा देवूळ हय आसा, माणसा हय आसत. तुझी वटी भरतंय, वाजत-गाजत घरा हाडतंय. येतलंस काय?"

"व्हय म्हाराजा," बाबली सवयीने म्हणाला, आणि त्याचं तोंड मिटायच्या आत उजवी पाकळी पडली. इतकी पटकन, की त्याने पान गिळलं.

अप्पा तणतणत आले. आपल्याला न विचारता कौल घेतला म्हणून बोलायची तयारी करूनच आले होते. काकीने काय विचारलं ते त्यांनी बाबलीकडून दोनदा ऐकलं. मग पडवीत बसून तीन वेळा खाकरले, आणि मध्ये एकही शब्द आला नाही. देवीने होय म्हटलेलं. तिच्यापुढे अप्पाही लहान.

पाठवणी अशी झाली की लग्न मागे पडावं. हिरवं लुगडं, तांदूळ, नारळ, सुपारी, वेणी. दोघी-तिघी बायका कोपऱ्यात कुजबुजल्या, की विमलने ओटी कशी भरायची, तिच्या कपाळाला कुंकू नाही. काकीने ऐकलं. तांदूळ ओंजळीत होते, ते खाली न ठेवता म्हणाली, "सहा म्हयने दूध मी घातलंय, तेव्हा माझा कपाळ कोणी बघूक नाय." मग तिने ओटी भरली, आणि पहिला नारळ तिच्या हातात देणारी त्या कुजबुजणाऱ्यांतलीच एक होती. वारुळाचा शेंडा नव्या सुपात घेतला, सुपावर खण घातला, पुढे ढोल, मागे वाडी. देवळात बाबलीने ती माती देवीच्या पायाशी ठेवली आणि वारुळातून पावसाळ्यात अळंबी आली असती तर पहिली मला दे म्हणून सांगणार होतो, असं उगाच बोलून शिव्या खाल्ल्या.

घरी आल्यावर काकीने चांगलं लुगडं सोडून ठेवलं, कारखान्यातला जुना गाऊन घातला आणि कुदळ घेतली.

"पावणी गेली," ती म्हणाली. "आता रवले ते भाडेकरू."

दोन हात खणलं. आत मधाच्या पोळ्यासारखी भुसभुशीत पोळी, भोकांभोकांची, एकावर एक. त्यांतून पांढरे किडे उकळत्या भातासारखे वर येत होते. कोंबड्यांना खोलीत यायला एरवी बंदी, त्या दिवशी काकीने दार सताड उघडलं. शेवटी खाली एक मातीची टणक डबी लागली. काकीने सवयीप्रमाणे दोन ठोके दिले, मान कलती केली, फोडली. आत राणी, करंगळीएवढी, फुगलेली, हलता न येणारी. सगळं घर जिने खायला लावलं ती ही. "बसल्या जाग्यार जेवता गो," काकी म्हणाली, आणि तिला तांबड्या कोंबडीपुढे टाकलं.

खड्डा तसाच बुजवायचा नव्हता. कारखान्यातून काजूच्या टरफलांचं काळं तेल आणलं. होडीवाले लाकडाला लावतात तेच, कातडीवर पडलं तर फोड उठतो. बावीस वर्षं हेच तेल तिच्या हातांना खात होतं, आता तिने ते कामाला लावलं. हातांना राख चोळून, वर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून तिने खड्ड्यात ओतलं, भिंतीच्या बुडाला पट्टा ओढला, दाराच्या चौकटी, पाट, माटवी, सगळं न्हाऊ घातलं. तीन दिवस आमच्या घरातही आमटीला टरफलांचा वास होता. चौथ्या दिवशी भिंतीवरची नळी तिने नखाने फोडली. आत कोरडी माती, बाकी कोणी नाही.

वाळवी गेली. पण खाल्लेला वासा परत कसा यायचा? सुताराने सांगितलं, ऐन पावसात ओलं लाकूड चढवलं तर महिन्याभरात पिळवटेल, आणि सुकलेला फणस कुठे मिळणार. अप्पांनी निकाल दिला, वाळवी मेली ते बरं झालं, पण पोचट तो पोचटच. ठरल्याप्रमाणे गणपती बंगल्यात.

नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी मंगेशदादाने भावकीला बंगल्यावर बोलावलं, मूर्ती कुठे बसेल ते दाखवायला. काकी आली. चांगलं लुगडं नेसून आली. दादा हात पसरून फिरत होता, हय मूर्ती, हय लायटिंग, माटवी वर छताक हुक मारून, मागे टीव्हीचा कपाट कापडान झाकूचा, एकदम फर्स्ट क्लास. अप्पा सोफ्यावर. काकी त्या कपाटाजवळ उभी होती, मोठ्ठं, चकचकीत, अक्रोडाच्या रंगाचं.

तिचं बोट आपोआप गेलं असणार. दोन ठोके. मान कलती. खोलीत कोणीतरी बोलत होतं, ते थांबलं. आमच्या वाडीत त्या कलत्या मानेचा अर्थ पोरांनाही कळतो.

तिसरा ठोका तिने दिला आणि बोट आत गेलं. आरपार. वरचा चकचकीत पापुद्रा तेवढा शाबूत होता, आत प्लायच्या जागी माती. तिने बोट बाहेर काढलं तशी भोकातून माती सुरसुरत खाली आली, आणि मातीबरोबर ते सगळे पांढरे भाडेकरू, संगमरवरी लादीवर.

काकी हळूच म्हणाली, "सिमेंटाक हात लावूक नाय हां मंगेश. तुझा खरा आसा. मधला तेवढा खाल्ल्यानी."



मग चौकशी झाली. बंगल्याच्या जोत्यात भराव टाकताना जुन्या झाडाचं खोड, सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, सगळं खड्ड्यात लोटून वर माती ओढली होती. दादानेच ते सांगितलं, पहिल्यांदा एकाच भाषेत. म्हणजे वाळवीला जेवण वाढूनच त्याने वर घर बांधलं होतं. काकीने त्याला टाकून बोलायची एवढी सोन्यासारखी संधी सोडली. म्हणाली, "मी तर दूध घालून पोसलंय. तू निदान आंधळेपणान केलंस."

ती मागच्या दाराने बाहेर गेली. मागे ताडपत्रीखाली पाडलेल्या घराचे फणसाचे वासे रचले होते. दादा त्यांची कधीतरी फॅशनेबल टेबलं करणार होता. काकीने ताडपत्री उचलली आणि एकेक वाजवत गेली. चौथ्याला थांबली. तो वासा असा वाजला की मला घंटाच वाटली.

"हो माका दी," ती म्हणाली. "तुझा कपाट, जोता, सगळा मी बघतंय. तेल माझा, हात माझे."

दादा अप्पांकडे बघत होता. अप्पा वाशाकडे बघत होते. तो वासा त्यांच्या लहानपणी त्यांच्या वडिलांनी चढवलेला. खाकर न देता ते म्हणाले, "दी तिका."

वासा चढला चतुर्थीच्या आठ दिवस आधी. वजन पेलतो की नाही ते भावकीसमोर बघायचं असं ठरलेलंच होतं, म्हणून काकीने मंगेशदादाला स्टुलावर चढवून दोन्ही हातांनी कड्यांना लोंबकळायला लावलं. दादा ब्याण्णव किलोचा. पाय हवेत, बनियन वर, तोंड लाल. काकीने खालून स्टूल काढून घेतलं आणि चहा ठेवायला गेली. वाशाने हूं की चूं केलं नाही. दादाने मात्र तीन भाषांत केलं.

गणपती आला तेव्हा घरात सत्तेचाळीस माणसं होती, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा चार जास्त. ते चार नुसता वासा बघायला आले होते. माटवीला यंदा नारळच अकरा बांधले, मुद्दाम. काकी सगळ्यांवर ओरडली आणि पहिल्याच संध्याकाळी तिचा आवाज बसला.

आरतीनंतर अप्पा गाऱ्हाण्याला उभे राहिले. नेहमीचं सगळं झालं, भावकी राख, पोराटोरांक बरा कर, परदेशातल्यांक सुखरूप हाड, आणि प्रत्येक ओळीला सगळे व्हय म्हाराजा म्हणत गेले. नारळ ठेवायला ते वाकले आणि थांबले. वर वाशाकडे बघितलं. खाकरले, एकदाच.

"आणि देवा," अप्पा म्हणाले, "तू हय बसतस, तो हयच बस. विमलच्या घरात. आमी आसू, नसू."

"व्हय म्हाराजा," सत्तेचाळीस जण म्हणाले. सगळ्यांत मोठ्ठं व्हय स्वयंपाकघरातून आलं, काकीच्या बसलेल्या आवाजात; पिठाने माखलेल्या काळ्या हातांनी तिने दाराची चौकट धरली होती. आणि मग, सगळे गप्प झाल्यावर, त्याच चौकटीवर दोन ठोके, आणि जरा थांबून तिसरा.